पेट्रोलचा वास येतोय, पण गळत तर काहीच नाही

पंपावर टाकी फुल केली, पैसे दिले, सेल्फ मारला आणि गाडी पकडतच नाही. इंजिन फिरतंय, फिरतंय, मागचा हॉर्न वाजवतोय. ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरला की भुरभुरत सुरू होते, मिनिटभर मिसिंग करते आणि मग जणू काही झालंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरून निघताना एका सेल्फमध्ये सुरू. साहजिकच माणूस पंपाला शिव्या देतो. पेट्रोलमध्ये पाणी आहे, भेसळ आहे, आणि आता तर इथेनॉल आहेच सगळ्याचं खापर फोडायला. गॅरेजमध्ये प्लग बदलले जातात, इंजेक्टर साफ होतात, कुणी फ्युएल पंपावर बोट ठेवतं. दोन-तीन हजार जातात आणि पुढच्या फुल टाकीला पुन्हा तेच.

अशा तक्रारींत ज्या भागाकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं, तो म्हणजे पेट्रोलची वाफ सांभाळणारी यंत्रणा. गॅरेजच्या भाषेत इव्हॅप. यात फिरणारं, घासणारं फारसं काही नाही. एक कोळशाचा डबा, एक-दोन व्हॉल्व्ह आणि काही पाइप. पण ही यंत्रणा बिघडली की लक्षणं दुसऱ्याच भागांची वाटतात, म्हणून ती समजून घेतलेली बरी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गाडीखाली पेट्रोल थेंब-थेंब पडताना दिसत असेल, किंवा पाइप ओला लागत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. ती गळती आहे, वाफेचा प्रश्न नाही. गाडी सुरू करू नका, मेकॅनिकला जागेवर बोलवा. पुढचं सगळं आहे ते वास येतो पण ओलं काही दिसत नाही अशा गाड्यांसाठी, आणि पेट्रोल गाड्यांसाठी. डिझेल सहजासहजी वाफ होऊन उडत नाही, त्यामुळे डिझेल गाडीत हा पसारा नसतो. सीएनजीवाल्यांनी मात्र वाचावं, कारण त्यांच्या गाडीत पेट्रोलची टाकी असतेच, आणि बाहेरून किट बसवताना इंजिनच्या भागातले पाइप इकडचे तिकडे झालेले मी पाहिले आहेत.

कोळशाच्या डब्याचं काम

मे महिन्यात नाशिकमध्ये पारा चाळिशीला टेकतो. कॉलेज रोडला दुपारभर उन्हात उभ्या गाडीच्या टाकीत पेट्रोल तापतं, वाफ होते, दाब वाढतो. ही वाफ कुठेतरी जायला हवी. कार्बोरेटरच्या जमान्यात ती सरळ बाहेर जायची, टाकीला हवेसाठी तशी सोयच असायची. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचं कोडं १९५०च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने उलगडलं. पेट्रोलमधली हायड्रोकार्बन आणि धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की त्यातून ओझोन तयार होतो. म्हणजे सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुराइतकीच उभ्या गाडीतून उडणारी वाफही गुन्हेगार. कॅलिफोर्नियाने १९७० सालच्या मॉडेलपासून वाफ अडवणं सक्तीचं केलं, पुढच्याच वर्षी ते सगळ्या अमेरिकेत लागू झालं.

आपल्याकडे नवं मॉडेल मंजूर होताना गाडी एका हवाबंद खोलीत ठेवतात, तापमान वर-खाली करतात आणि खोलीत किती हायड्रोकार्बन साठलं ते मोजतात. मर्यादा आहे एका चाचणीला २ ग्रॅम. चहाच्या चमच्यात मावणारं पेट्रोल साडेतीन ग्रॅमच्या पुढे जातं, म्हणजे अख्ख्या गाडीतून, टाकीसकट, साधारण अर्ध्या चमच्याहून जास्त उडता कामा नये. आपल्या पीयूसीत यातलं काहीच तपासलं जात नाही. तिथे नळी सायलेन्सरला लागते, टाकीकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

वाफ अडवतो तो कॅनिस्टर. काळा प्लॅस्टिकचा डबा, आत सक्रिय कोळशाच्या गोळ्या. काही गाड्यांत बॉनेटखाली, बऱ्याच गाड्यांत मागे टाकीजवळ. या कोळशाला सूक्ष्म छिद्रं इतकी असतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. पेट्रोलची वाफ या पृष्ठभागाला चिकटून राहते. फ्रिजमधला वास मारायला कोळशाचा तुकडा ठेवतात, त्यामागचं तत्त्व हेच.

पण डबा कितीही मोठा असला तरी कधीतरी भरणार. म्हणून त्याला तीन तोंडं असतात. एक टाकीकडून येणाऱ्या वाफेचं, एक बाहेरच्या हवेचं, आणि तिसरं इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिन जिथून हवा आत घेतं तिकडे, जाणारं. या तिसऱ्या वाटेवर बसलेला असतो पर्ज व्हॉल्व्ह. इंजिन गरम झालं, गाडी व्यवस्थित पळायला लागली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, हा व्हॉल्व्ह सेकंदाला अनेकदा उघडझाप करतो. इंजिन स्वतःच्या व्हॅक्युमने डब्यातून ताजी हवा ओढतं, हवा कोळशातली वाफ सोडवून घेते आणि ती इंजिनात जळून जाते. बॉनेट उघडून कान दिला तर हलकी टिकटिक ऐकू येते. पुष्कळ लोक टॅपेटचा आवाज समजून घाबरतात. तो बहुतेक वेळा पर्ज व्हॉल्व्ह असतो आणि निरोगी असतो.

नाशिककरांनी इथे घाट लक्षात घ्यावा. मुंबईहून कसारा चढून आपण जवळपास ६०० मीटर वर येतो. हवेचा दाब तेवढ्याने साधारण सहा-सात टक्के कमी होतो. टाकी अर्धी रिकामी असेल आणि तिच्यात वीसेक लिटर वाफ कोंडलेली असेल, तर निव्वळ उंचीमुळे लिटरभराहून जास्त वाफ कॅनिस्टरकडे ढकलली जाते. चढावर तापलेल्या पेट्रोलची वाफ वेगळीच. इगतपुरीला चहाला थांबल्यावर मागच्या चाकाजवळ येणारा वास घरी कधीच येत नाही, याचं कारण बहुधा हे असतं. कॅनिस्टर थकलेला असतो, रोजच्या द्वारका–सातपूर फेरीत निभावून नेतो आणि घाटात हात टेकतो.

इथेनॉलचाही वाटा आहे, पण लोक समजतात तसा नाही. शुद्ध इथेनॉल पेट्रोलपेक्षा कमी उडतं. गंमत अशी की थोड्या प्रमाणात पेट्रोलमध्ये मिसळलं की मिश्रणाचा बाष्पदाब मूळ पेट्रोलपेक्षाही वाढतो. वाढ सर्वाधिक असते ती दहा टक्क्यांच्या आसपासच्या मिश्रणात, वीस टक्क्यांना ती थोडी उतरते. त्यामुळे ‘इथेनॉल आलं आणि वास सुरू झाला’ असं कुणी म्हटलं तर मी जुन्या रबरी पाइपांकडे आधी बघेन. जुन्या गाडीतलं रबर इथेनॉलसाठी बनवलेलं नसेल तर ते फुगतं, कडक होतं, तडकतं.

दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असं नाही

यूट्यूबवर इव्हॅप शोधलं की नव्वद टक्के व्हिडिओ अमेरिकन. चेक इंजिनचा दिवा लागला, कोड (गाडीने नोंदवलेल्या बिघाडाचा क्रमांक) आला पी०४५५, टाकीचं झाकण बदललं, दिवा गेला. हे बघून आपल्याकडेही लोक झाकण बदलत सुटतात. पण त्यांच्या गाड्या आणि आपल्या गाड्या यांत एक मूलभूत फरक आहे.

अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून कोड देण्याची पद्धत, लागू झालं आणि त्यात गाडीने स्वतःच्या वाफेच्या यंत्रणेतली गळती स्वतः शोधायची, अशी अट आली. त्यासाठी त्या गाड्यांत टाकीचा प्रेशर सेन्सर असतो आणि कॅनिस्टरच्या हवेच्या तोंडावर आणखी एक व्हेंट व्हॉल्व्ह असतो. गाडी व्हेंट बंद करते, पर्ज उघडून टाकीत थोडा व्हॅक्युम तयार करते, मग पर्जही बंद करून तो व्हॅक्युम टिकतो का ते बघते. टिकला नाही तर गळती. भोक साधारण एक मिलिमीटरचं असेल तर पी०४४२, अर्ध्या मिलिमीटरचं असेल तर पी०४५६, झाकणच उघडं असावं इतकी मोठी गळती असेल तर पी०४५५ किंवा पी०४५७.

आपले नियम युरोपच्या वळणाचे. त्यात गाडीवर बंधन आहे ते किमान पर्ज व्हॉल्व्हची वीजजोडणी शाबूत आहे की नाही ते तपासण्याचं. म्हणून इथल्या बहुतेक गाड्यांत ना टाकीचा प्रेशर सेन्सर असतो, ना व्हेंट व्हॉल्व्ह. टाकीचं झाकण घरी विसरून तुम्ही त्र्यंबकला जाऊन या, दिवा लागणार नाही. पाइप उंदराने अर्धा खाल्ला तरी लागणार नाही. वायर तुटली किंवा कॉइल जळली तर लागेल. तेव्हा कोड येतो पी०४४३ किंवा त्याच्या आसपासचा, पी०४४४, पी०४४५, पी०४५८, पी०४५९ असा. काही महागड्या आणि बाहेरून आलेल्या गाड्यांत गळती शोधण्याची सोय असते, त्यांची गोष्ट वेगळी.

त्यामुळे स्कॅनर, म्हणजे हे कोड वाचणारं यंत्र, लावल्यावर पहिलं काम कोड वाचणं नव्हे. लाइव्ह डेटाची यादी उघडा आणि टाकीच्या दाबाचा आकडा तिथे आहे का ते पाहा. हा सेन्सर नसेल तर गळतीच्या बाबतीत बहुधा तुमची गाडी आंधळी आहे आणि तुमचं नाक हेच तिचं सेन्सर. असेल, तर गळतीचे कोड गांभीर्याने घ्या.

कोड आला तरी त्याचा अर्थ नीट लावावा लागतो. “साहेब, कोड पर्ज व्हॉल्व्हचा आलाय, व्हॉल्व्ह गेला,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर वाद घालणं सोडून दिलंय. पी०४४३ एवढंच सांगतो की पर्ज व्हॉल्व्हच्या विजेच्या वाटेत काहीतरी बिनसलंय. त्या वाटेवर फ्यूज आहे, वायर आहे, कनेक्टर आहे, कॉइल आहे, शेवटी ईसीयू आहे. उलट, व्हॉल्व्हची कॉइल उत्तम असेल पण आतली सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकून मिटतो ती जागा, कचऱ्याने उघडी राहिली असेल, तर वीजजोडणी ठणठणीत दिसते आणि एकही कोड येत नाही. पंपावर सुरू न होणारी गाडी बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारातली: टाकी भरताना ढकलली जाणारी वाफ उघड्या सीटमधून थेट इंजिनात जाते.

वास कुठून येतो ते आधी ठरवा

गॅरेजला जाण्यापूर्वी मालकाने करायचं काम हेच, आणि कुठल्याही स्कॅनरपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. इंजिन बंद करून बॉनेटजवळ वास येतो का? मग पर्ज व्हॉल्व्ह आणि तिथले पाइप. मागच्या चाकाच्या कमानीत येतो का? मग कॅनिस्टर, किंवा झाकणापासून टाकीपर्यंत जाणारा रबरी गळा. गाडीत, मागच्या सीटवर बसलेल्यांना येतो का? मग मागच्या सीटखालचं फ्युएल पंपाचं झाकण उचलून बघायला सांगा. पंप बदलताना तिथली गोल रबरी सील मुरगळून बसवलेली असते, किंवा जुनीच परत वापरलेली असते. ‘पंप बदलल्यापासून वास येतो’ असं गिऱ्हाईक म्हणालं तर दुसरीकडे शोधण्यात वेळ घालवू नये.

वास कधी येतो तेही सांगा. फक्त फुल टाकीला येत असेल तर गळती वरच्या बाजूला, टाकीच्या माथ्यावर किंवा गळ्यात.

झाकण तपासायला दोन मिनिटं लागतात. रबरी गॅस्केटवर नख फिरवा, तडा किंवा चपटा झालेला भाग लगेच जाणवतो. झाकण ज्या कडेवर बसतं ती कड गंजली आहे का पाहा. झाकणाची प्लॅस्टिकची दोरी कधी कधी गॅस्केटखाली अडकून राहते, ती बघा. बाजारात किल्लीवाली डुप्लिकेट झाकणं मिळतात. टाकीत व्हॅक्युम झाला तर हवा आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह मूळ झाकणात असतो, तो यांत नीट असेलच याची खात्री नाही.

झाकण उघडताना फुस्स होतं ते कोणत्या दिशेने, हे ओळखायला शिका. उन्हात उभ्या गाडीचं झाकण उघडल्यावर थोडी वाफ बाहेर आली, वास आला, तर काळजीचं कारण नाही. पण झाकण आत ओढून धरल्यासारखं घट्ट वाटलं आणि उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज झाला, तर टाकीत व्हॅक्युम आहे. पर्ज व्हॉल्व्ह सतत उघडा राहिलाय आणि त्याच वेळी कॅनिस्टरचं हवेचं तोंड तुंबलंय, अशी जोडगोळी बहुधा असते. लांबच्या प्रवासात गाडी दम सोडते, झाकण उघडून लावलं की परत पळते, हे त्याचंच लक्षण. दुर्लक्ष केलं तर टाकी आत पिचकू शकते. हवेचं तोंड धुळीने तुंबतं, चिखलाने तुंबतं, कुंभारमाशीच्या घराने तुंबतं. २०११ मध्ये माझ्दा कंपनीला अमेरिकेत हजारो गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, कारण एका जातीचे कोळी नेमके याच नळीत जाळी विणत होते. द्राक्षबागेच्या शेडमध्ये आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाड्यांची ही नळी मी आवर्जून बघायला सांगेन.

पर्ज व्हॉल्व्हची खरी परीक्षा

संशय पर्ज व्हॉल्व्हवर असेल तर तो बदलण्याआधी दहा मिनिटांची ही तपासणी करून घ्या. इंजिन सुरू, आयडलिंगवर. व्हॉल्व्हचा विजेचा कनेक्टर काढा. हा व्हॉल्व्ह वीज नसताना बंद राहतो, त्यामुळे कनेक्टर काढल्यावर त्यातून काहीही वाहता कामा नये. आता कॅनिस्टरकडून येणारा पाइप व्हॉल्व्हपासून सोडवा आणि उघड्या तोंडावर बोट ठेवा. बोट ओढलं गेलं, तर व्हॉल्व्ह आतून गळतोय. वाद संपला. बोट ओढलं गेलं नाही, तर लगेच निर्दोष ठरवू नका. काही व्हॉल्व्ह गार असताना नीट मिटतात आणि तापले की गळायला लागतात. वीस मिनिटं गाडी चालवून आणा आणि पुन्हा बोट ठेवा. कनेक्टर काढल्यामुळे आलेला कोड शेवटी उडवायचा.

मग व्हॉल्व्ह उतरवून पांढऱ्या कागदावर हलकेच आपटा. काळी बारीक कणी पडली तर प्रश्न व्हॉल्व्हचा नाही, कॅनिस्टरचा आहे. आतल्या गोळ्या फुटून त्यांचा चुरा पाइपमधून पुढे सरकलाय आणि सीटवर अडकलाय. नुसता व्हॉल्व्ह बदलला तर नवाही काही महिन्यांत तसाच होणार. कॅनिस्टर व्हॉल्व्हपेक्षा महाग असतो म्हणून मेकॅनिक सांगायला कचरतो, गिऱ्हाईक ऐकायला. कागदावरची कणी दाखवली की बोलणं सोपं होतं.

हाताने चालवायचा व्हॅक्युम पंप असेल तर तो इंजिनकडच्या तोंडाला लावून व्हॅक्युम द्यायचा. काटा जागेवर राहिला पाहिजे. मग क्षणभर बारा व्होल्ट दिले की टक् आवाज आणि काटा खाली. आवाज आला पण काटा हलला नाही, तर व्हॉल्व्ह आतून चोंदलेला. तोंडाने फुंकर मारून बघणारे महाभाग आहेत. पेट्रोलची वाफ छातीत घ्यायची गरज नाही.

वीजजोडणीचा कोड असेल तर मल्टीमीटर काढा. या कॉइलचा रोध बऱ्याच गाड्यांत वीस-तीस ओहमच्या आसपास असतो, पण नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली. कॉइल ठीक असेल तर चावी ऑन करून, ज्या गाड्यांत लागेल तिथे इंजिन सुरू करून, कनेक्टरच्या एका पिनवर बॅटरीचा व्होल्टेज येतोय का बघायचा. दुसरी पिन ईसीयू अर्थ करतो. व्होल्टेज नसेल तर फ्यूजपासून सुरुवात. इगतपुरी-घोटीकडच्या गाड्यांत कनेक्टर उघडल्यावर पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसतो, तिकडचा पाऊस माहीत असलेल्याला आश्चर्य वाटायला नको. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पुन्हा बसवल्यावर पुष्कळ पी०४४३ तिथेच मिटतात.

बोटाचा पुरावा अर्धवट वाटला तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा. ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कापतोय, ते हा आकडा सांगतो. इंजिन गरम, आयडलिंगवर, आणि ट्रिम मोठ्या उणे आकड्यात असेल, तर इंजिनला कुठून तरी जादा इंधन मिळतंय. आता पर्जचा रबरी पाइप बोथट चिमट्याने दाबून बंद करा. ट्रिम शून्याकडे परतला आणि इंजिनचं डुगडुगणं थांबलं, तर जादा इंधन कॅनिस्टरमधून येत होतं. पाइप दाबून काहीच फरक पडला नाही, तर इव्हॅपला मोकळं सोडा आणि इंजेक्टर, फ्युएल प्रेशर, ऑक्सिजन सेन्सर यांच्याकडे वळा. इंजिन सुरू असताना एक पाइप चिमटायचा आणि आकडा बघायचा, इतकंच हे काम, पण कित्येक गॅरेजमध्ये ते होत नाही. पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त आला म्हणून इंजेक्टर क्लीनिंगचं पॅकेज गळ्यात पडलेल्या गाड्यांनी हे आधी करून बघावं.

राऊंड फिगरचा नाद

नॉझलने ऑटो कट केलं की पंपावरचा पोरगा विचारतो, “राऊंड फिगर करू का?” आपण मान हलवतो. तो पुन्हा दोनदा-तीनदा नॉझल दाबतो, पेट्रोल गळ्यापर्यंत येतं. टाकीच्या वरची मोकळी जागा कंपनीने वाफेसाठी ठेवलेली असते. ती भरली, वर गाडी उतारावर किंवा उन्हात उभी राहिली, की द्रव पेट्रोल वाफेच्या पाइपातून कॅनिस्टरपर्यंत पोचू शकतं. हे अडवायला टाकीत व्हॉल्व्ह असतात, पण रोजच्या माराला ते पुरे पडतीलच असं नाही. कोळसा वाफेसाठी असतो, द्रवाने भिजला की त्याची धारणशक्ती जाते. कॅनिस्टर हलवल्यावर आत डुचमळलं किंवा तो हाताला जड लागला, तर भिजलाय असं समजा. पाऊणशे रुपयांचं पेट्रोल जास्तीचं बसवायच्या नादात काही हजारांचा डबा जातो.

धूर, पण उदबत्तीचा नाही

इतकं करूनही गळती सापडत नसेल तर स्मोक टेस्ट. मशीन खनिज तेल तापवून पांढरा धूर तयार करतं, तो यंत्रणेत सोडतात आणि टॉर्च घेऊन कुठून निघतो ते बघतात. अंबडला किंवा मुंबई नाक्याकडे टर्बो गाड्यांची कामं करणाऱ्या गॅरेजमध्ये चौकशी करा. इनटेकची गळती शोधायला हेच मशीन वापरतात.

करणाऱ्याने तीन गोष्टी पाळल्या पाहिजेत. कॅनिस्टरचं हवेचं तोंड बंद करायचं, नाहीतर सगळा धूर तिथून निघेल आणि ‘कॅनिस्टर गळतोय’ असा निकाल लागेल. धूर टाकीच्या बाजूने द्यायचा, कारण पर्ज व्हॉल्व्ह बंद असतो आणि इंजिनकडून दिलेला धूर त्याच्या पलीकडे जात नाही. आणि दाब एक पीएसआयच्या आतच ठेवायचा. टायरमध्ये तीसेक पीएसआय असतात, यावरून अंदाज घ्या. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची नळी थेट टाकीला लावणारा माणूस दिसला तर चावी घेऊन निघून या. टाकी, सील, सेन्सर काहीही फुटू शकतं, शिवाय पेट्रोलच्या वाफेत आपण ताजा ऑक्सिजन भरतोय. म्हणून जाणकार हवेऐवजी रेग्युलेटर लावून नायट्रोजन वापरतात. उदबत्ती, बिडी, मेणबत्ती यांनी गळती शोधण्याबद्दल काही लिहायची वेळ येऊ नये, पण येते. करू नका.

आणखी एक ‘उपाय’ सर्रास चालतो. कॅनिस्टर बाद करून पाइप मोकळा सोडायचा, इंजिनकडचं तोंड बुचाने बंद करायचं. गाडी छान सुरू होते, गिऱ्हाईक खूश. पण टाकीतली वाफ आता थेट गाडीखाली साठते. ती हवेपेक्षा जड असते, बंद पार्किंगमध्ये जमिनीलगत पसरते. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, शेजारी इन्व्हर्टर किंवा वेल्डिंगचं काम चालू असताना, हे नको.

दुरुस्ती झाल्यावर गॅरेजवाला कोड उडवतो आणि दिवा विझतो. दिवा विझला म्हणून काम झालं असं नाही. गळती शोधणाऱ्या गाड्यांत कोड उडवला की तपासणीची नोंदही पुसली जाते आणि गाडी पुन्हा तपासेपर्यंत स्कॅनरवर इव्हॅप मॉनिटर ‘अपूर्ण’ दिसतो. ही तपासणी मनात आलं की होत नाही. इंजिन रात्रभर उभं राहून गार झालेलं हवं, टाकी फार रिकामी नको आणि फार भरलेलीही नको, बहुतेक गाड्यांत साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्ये, आणि सुरू करताना बाहेरची हवा फार तापलेली नको. एप्रिल-मेमध्ये दुरुस्ती केली असेल तर दुपारी शंभर किलोमीटर पळवूनही मॉनिटर पूर्ण होणार नाही. अर्धी टाकी ठेवा, पहाटे सहाला गाडी काढा, गंगापूर धरणापर्यंत शांतपणे एक चक्कर मारून या आणि मग स्कॅनर लावा. एका सकाळी नाही झालं तर दुसऱ्या सकाळी. ज्या गाड्यांत मॉनिटरच नाही, तिथे ट्रिमचा आकडा, कनेक्टर काढून ठेवलेलं बोट, आणि रात्रभर बंद गॅरेजमध्ये उभ्या गाडीचा सकाळचा वास, या तीन गोष्टींवर निकाल द्यायचा.